शक्तीच्या गोळ्या

एस्तेर सिस्टर नेहमी भिंतीच्या कडेनं चालायच्या. आमच्या दवाखान्याचा व्हरांडा चांगला रुंद, बैलगाडी जाईल एवढा; पण त्या मधून चालल्याचं मला आठवत नाही. डावा हात भिंतीला लागेल न लागेल असा. मागच्या अंगणात सिमेंटचा हौद होता. बाकीच्या बायका तिथं हातपाय धुवायच्या, सिस्टर मात्र पुढच्या नळावर. मोटरसायकलवर त्या कधी बसल्या नाहीत. एसटीतून उतरल्या की फाट्यापासून उन्हात चालत यायच्या, आणि वाटेत कुणी गाडी थांबवून "बसा सिस्टर, सोडतो" म्हणालं तर "देवानं पाय दिलेत, त्यांना काम नको का?" म्हणून पुढं निघायच्या. बाथरूमला आतून कडी लावायच्या नाहीत. बाहेर आपला निळा रुमाल अडकवायच्या. रुमाल दिसला की आम्ही काय ते समजायचो.

पहिली काही वर्षं मला या सगळ्या वयाच्या तऱ्हा वाटल्या.

मी देवळाली प्रवऱ्याचा. डोळ्यांना उसाच्या हिरव्याची सवय. जामखेडहून खर्ड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचा हा लहानसा दवाखाना आहे, तिथं फार्मासिस्ट म्हणून आलो तेव्हा इथलं करडं माळरान बघून वाटलं होतं, सहा महिने काढू आणि परत जाऊ. अजून इथंच आहे. पहिल्या दिवशी सिस्टरनी आडनाव विचारलं. मी म्हणालो, "कडू." आमच्याकडं ते घरोघरी असतं, पण बाहेर सांगितलं की लोक हसतात. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं. औषध देणारा माणूस गोड नसावा." त्या दिवसापासून मी कडूभाऊ.

त्या मूळच्या नेवाशाकडच्या. वडील ख्रिस्ती शाळामास्तर. ठेंगणी मूर्ती, केस आवळून बांधलेले, आणि छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. बोलणं थोडं, पण जे बोलायच्या ते माणसं घरी घेऊन जायची.

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी नगरहून मेंदूचे डॉक्टर यायचे. त्या दिवसाला आसपासच्या वाड्यांत 'फेफऱ्याचा गुरुवार' असंच नाव पडलं होतं. डॉक्टर तपासायचे, गोळी ठरवायचे, आणि दुपारी परत जायचे. उरलेला महिना सिस्टरचा असायचा.

माझ्या पहिल्याच गुरुवारी रांगेत उभा असलेला एक गवंडी धाडकन खाली आला. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. एकच गलका झाला. एकानं पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली, दुसरा स्वयंपाकघरात कांदा आणायला पळाला, तिसरा दातांत चमचा घालायला बघत होता. सिस्टर भिंतीच्या कडेकडेनं आल्या. "चमचा बाजूला. दात तुटला तर तुम्ही देणार आहात का?" त्यांनी गवंड्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली त्याचाच टॉवेल सारला आणि घड्याळाकडं बघत बसल्या. माणसाकडं नाही, घड्याळाकडं.

"अवं, धरा की त्याला!" कुणीतरी ओरडलं.

"नाही धरायचं. एक मिनिट झालं."

व्हरांडा नुसता थरथरत होता आणि ही बाई घड्याळ वाचत होती. दोन मिनिटं व्हायच्या आत अंग सैल पडलं, श्वास घोरल्यासारखा चालू झाला. तेवढ्यात कांदेवाला पोचला. सिस्टर त्याला म्हणाल्या, "हा भाजीत घाला. तिथं त्याचा उपयोग आहे."

मी नंतर विचारलं, घड्याळाकडं का बघत होतात? "माणसाकडं बघितलं की मिनिटाचा तास वाटतो, आणि मग हात काहीतरी चुकीचं करायला लागतात. पाच मिनिटं गेली तर इंजेक्शन लागतं. त्याच्या आत फक्त कूस आणि धीर."

औषध समजावून सांगण्याची त्यांची एक रीत होती. समोर बसलेल्या शेतकऱ्याला विचारायच्या, "लाईट आल्याबरोबर सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या तर डीपीचं काय होतं?"

"फ्यूज उडतो."

"डोक्यातबी तसंच. ही गोळी म्हणजे डीपीवर बसवलेला वायरमन. तो रोज बसला पाहिजे. महिनाभर बसला आणि एक दिवस जत्रेला गेला, तर नेमका त्याच दिवशी भडका."

आणि मग ठरलेलं वाक्य यायचं. "गोळी फिट आल्यावर घ्यायची नसते. फिट न आलेल्या दिवसाची असते ती." लोकांचा खरा घोटाळा इथंच व्हायचा. चार महिने बरे गेले की माणूस म्हणायचा, आता कशाला? मग एके दिवशी चुलीवर पडायचा, नाहीतर रस्त्यावर. सिस्टर रिकामी पाकिटं परत आणायला लावायच्या. पाकिटं बघायच्या, मग माणसाचे डोळे बघायच्या. काही हुशार मंडळी गोळ्या उकिरड्यात टाकून पाकिटं तेवढी घेऊन यायची. त्यांना त्या शांतपणे म्हणायच्या, "पोटात गेली तर गोळी, बाहेर राहिली तर खडू. तुम्ही शाळा काढली काय?"

चिडलेल्या मी त्यांना क्वचितच बघितलं. पलीकडच्या वाडीवर एक म्हातारा देवरुशी होता. आमचे निम्मे पेशंट आधी त्याच्याकडं जाऊन यायचे. मला त्याचा राग यायचा. सिस्टर एक दिवस चालत त्याच्या घरी गेल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तुमच्या शब्दाला वजन आहे, माझ्या नाही. तुम्ही अंगारा लावा. पण लावताना एवढं सांगा, की दिवा लावल्यावर गोळी घेतल्याशिवाय अंगारा लागू पडत नाही." म्हाताऱ्यानं बराच वेळ मिशी चोळली. पुढच्या महिन्यापासून त्या वाडीवर गोळी बुडेनाशी झाली. वर्षभरानं तो स्वतःच नातीला घेऊन आला. दारातच थांबून म्हणाला, "शिस्टर, घरच्याला आपला अंगारा चालत न्हाई."

एकादशीला बायका विचारायच्या, "उपासाला गोळी चालती का?" तर म्हणायच्या, "साबुदाण्यापेक्षा हलकी आहे." रमजानमध्ये एका मिस्त्रीसाठी त्यांनी डॉक्टरांकडून सहेरी आणि इफ्तारच्या वेळा बसवून घेतल्या होत्या. कुणाला गोळीनं झोप यायची, कुणाच्या हिरड्या सुजायच्या, कुणाच्या अंगावर पुरळ उठायचं. सिस्टर सगळं डॉक्टरांच्या कानावर घालायच्या, गोळी बदलून मिळायची, डोस कमी-जास्त व्हायचा. "चप्पल चावली म्हणून अनवाणी चालायचं नसतं, मापाची शोधायची," असं त्यांचं म्हणणं.

अशा या बाईनं आयुष्यात एकदा खोटं औषध दिलं. म्हणजे औषध खरं होतं, नाव खोटं होतं. आणि त्यात माझा हात होता.

अश्विनी खर्ड्याजवळच्या एका वाडीतली. तेराव्या वर्षी शाळेच्या प्रार्थनेत पहिली फिट आली, त्यानंतर शाळेनं तिला खिडकीशी बसू दिलं नाही, मैत्रिणींनी डबा वाटून घेतला नाही. सिस्टरनी तिला हाताला धरून वर आणलं. दोन औषधं बदलून तिसरं लागू पडलं. बारावी झाली, शिवणक्लास झाला. आमच्याकडं आली की पाकिटं माझ्या खिडकीवर पत्त्यांसारखी मांडून दाखवायची. "मोजा काका, एकबी कमी न्हाई." हसताना ओठांवर हात धरायची सवय होती तिला. अडीच वर्षं एकही झटका नव्हता. डॉक्टर म्हणाले, अजून वर्षभर चालू ठेवू, मग हळूहळू कमी करता येते का बघू. एकदम बंद मात्र करायची नाही, कधीच.

तेवढ्यात लग्न जमलं. अश्विनीची आई एकटीच आली, पदर तोंडाला लावून.

"शिस्टर, स्थळ लई चांगलं हाय. सासू बी मायाळू हाय म्हनत्यात. पण त्यांला सांगितलं तर मोडंल. गोळ्या बंद करू का वं?"

"बंद नाही करायच्या."

"मग सांगू? तीन स्थळं गेली, शिस्टर. चौथं गेलं तर पोरीचा बाप तिला घरात ठिवनार न्हाई."

सिस्टर माझ्या खिडकीशी आल्या, तेव्हा बाई बाहेर बाकावर बसली होती. "कडूभाऊ, एक रिकामी बाटली द्या. व्हिटॅमिनची. आणि पाकिटातल्या गोळ्या काढून त्यात भरा. वर चिठ्ठी लावा, शक्तीच्या गोळ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक."

मी म्हणालो, "सिस्टर, तुम्ही? तुम्हीच तर म्हणता, घरातल्या प्रत्येकाला गोळीचं नाव पाठ पाहिजे."

त्यांनी खिडकीचं दार लोटून घेतलं. मग त्यांच्या त्या थोड्या बोलण्यात सांगितलं. नर्सिंगला असताना एकोणिसाव्या वर्षी त्यांना पहिली फिट आली होती. तेव्हापासून गोळी चालू. लग्न झालं. घरी कुणाला ठाऊक नव्हतं. अकराव्या महिन्यात उशीखाली पाकीट सापडलं. दुसऱ्या दिवशी भावाला निरोप गेला, येऊन बहिणीला घेऊन जा. "नवरा वाईट नव्हता," त्या म्हणाल्या. "पाकीट सापडलं नसतं तर मी आज तिथंच असते. पाकिटावर नाव असतं, कडूभाऊ. बाटलीवर आपण लिहू ते."

भिंतीची कड, नळ, निळा रुमाल, सगळं मला त्या क्षणी उमगलं. मी पुढं वाद घातला नाही. बाटली भरली, चिठ्ठी माझ्या हातानं लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे.

लग्नाला आम्ही दोघंही गेलो होतो. अश्विनी शालू सांभाळत सिस्टरच्या पाया पडली. सिस्टर तिच्या कानात म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ. विसरायचं नाही. आणि दिवस गेले की मला पहिलं कळवायचं." ती हसली, ओठांवर हात धरून.

पुढं दर महिन्याला तिची आई बाटली भरून न्यायची. सगळं ठीक होतं. मग एका शनिवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, दवाखान्याच्या मोबाईलवर फोन आला. सिस्टर दोन दिवस भाचीच्या लग्नाला नेवाशाला गेल्या होत्या. फोन मी उचलला.

"काका, मी अश्विनी. शिस्टर हायत का?" आवाज बारीक. मागं कुणीतरी भांडी लावत होतं.

"सोमवारी येतील. काय गं?"

"न्हाई... मला दिवस गेलेत. आशाताईनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. तर आत्याबाई म्हनत्यात, ह्या शक्तीच्याच अन् त्या बी शक्तीच्याच, दोन-दोन कशाला, गरम पडतं. बाटली ठिवून दिलीय. तीन दिवस झाले. चालतंय का, काका?"

मी म्हणालो, "नाही, बंद नको करू. घे तू."

"व्हय. पण काय म्हनून घेऊ?"

आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्या पोरीनं मला एवढंच विचारलं होतं. काय म्हणून घेऊ. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, सासूबाईंना फोन दे. माझ्या तोंडात शब्द आला होता. पण मनात आलं, मी कोण? लग्न मोडलं तर? गुपित सिस्टरचं, सिस्टरच बघतील. सिस्टरना फोन लावावा असंही आलं मनात, पण लग्नघरात कशाला त्रास. मी म्हणालो, "सिस्टर सोमवारी आल्या की लगेच बोलतील तुझ्याशी."

"बरं," ती म्हणाली, आणि मग जरा मोठ्यानं, दुसऱ्या कुणाला ऐकू जावं तशी, "व्हय व्हय, शक्तीच्याच." फोन बंद झाला.

रविवारी सकाळी ती घरामागच्या हौदावर कपडे धूत होती. सासू आत भाकरी थापत होती. कपडे आपटल्याचा आवाज थांबला म्हणून तिनं हाक मारली. ओ आली नाही. बाहेर आली तर सून हौदाच्या काठावरून आत पालथी पडलेली. पाणी गुडघ्याएवढं होतं.

सोमवारी सिस्टर आल्या तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचली होती. त्या रडल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि छातीवरचं घड्याळ हातात धरून राहिल्या. त्यांच्या मागं भिंत नव्हती त्या दिवशी, मधोमध बसल्या होत्या. मी फोनचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. नंतर सांगू, म्हटलं. नंतर ते रोज थोडं थोडं अवघड होत गेलं.

दहाव्यानंतर त्या म्हणाल्या, "कडूभाऊ, चला माझ्याबरोबर." आम्ही एसटीनं गेलो. अश्विनीचं सासर जामखेडच्या पलीकडं, रस्त्यालगतचं पत्र्याचं घर. सासू ओट्यावर बसली होती. कौसाबाई तिचं नाव. अंगानं आडवी, कपाळावर मोठं कुंकू, डोळे सुजलेले. तिला वाटलं आम्ही सांत्वनाला आलोय. तिनं पाणी दिलं. सिस्टरनी ते घेतलं नाही.

"बाई, मी सांगते ते आधी ऐका, मग पाणी द्यायचं की नाही ते ठरवा." आणि त्यांनी सगळं सांगितलं. फेफरं, गोळी, बाटली, चिठ्ठी. "त्या शक्तीच्या गोळ्या नव्हत्या. त्यानं फिट थांबत होती. एकदम बंद झाल्याशिवाय ती अशी येत नाही."

कौसाबाई ऐकत होती. तिनं ओरडावं, शिव्या द्याव्यात, असं मला वाटत होतं. ती उठली, आत गेली आणि बाटली घेऊन आली. निम्मी भरलेली. चिठ्ठीवर माझं अक्षर.

"ही मी माझ्या हातानं फळीवर ठिवली," ती म्हणाली. "पोरीनं दोनदा मागितली. मी म्हनलं, राहू दे गं, मी दूध देते. मला येक शबूद सांगितला असता तर मी सोता तिच्या तोंडात गोळी घातली असती."

सिस्टर म्हणाल्या, "लग्नाआधी सांगितलं असतं तर?"

खोटं बोलायला कौसाबाई सहज बोलू शकली असती. अंगणात कोंबडी फिरत होती, तिच्याकडं ती बघत राहिली.

"तर लगीन केलं नसतं," ती म्हणाली. "पन पोरगी जित्ती राह्यली असती."



पुढच्या गुरुवारी व्हरांडा भरला होता. डॉक्टर यायचे होते. सिस्टर व्हरांड्याच्या मध्यभागी आल्या, खिशातून पाकीट काढलं, एक गोळी तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवली. "ही माझी. मला फिट येतात. एकोणिसाव्या वर्षापासून. आजवर लपवलं." गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायल्या, आणि जीभ वर करून दाखवली, जशी त्या पेशंटला दाखवायला लावायच्या. मग मागून एका म्हातारीनं विचारलं, "मग तुमी शिस्टर कशा झाल्या?" सिस्टर म्हणाल्या, "गोळी घेऊन."

याची किंमत त्यांना मोजावी लागली. काही बायका त्यांच्या हातून इंजेक्शन घेईनात. दंड सुईसमोर धरायचा आणि ही मधेच पडली तर? ट्रस्टच्या एका गृहस्थांनी त्यांना बोलावून घेतलं आणि वॉर्डातून काढून फायलींवर बसवलं. सिस्टर म्हणाल्या, बरं. फायली लावता लावता त्यांनी लग्नाच्या वयाच्या मुलींची एक यादी केली, आणि एकेका आईला बोलावून सांगायला सुरुवात केली, बैठकीला मला न्या. मी सांगते मुलाकडच्यांना.

तीन लग्नं मोडली, एकापाठोपाठ. एका मुलीची आई दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहून तासभर त्यांचा उद्धार करत होती. "सोताचा संसार झाला न्हाई म्हनून दुसऱ्याचा हू देत न्हाई ही!" सिस्टर आत फाईल लावत होत्या. त्या उठल्या नाहीत. मग एक लग्न टिकलं. मुलगा कापडदुकानात कामाला होता, त्यानं फक्त एवढंच विचारलं, "गोळी दोनदा का तीनदा?" ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे आणि नवरा दर महिन्याला स्वतः गोळ्या न्यायला येतो.

पण सिस्टर त्यातून सुटल्या नाहीत. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी त्या नावं पुकारायच्या. जुन्या यादीत अश्विनीचं नाव अजून होतं. मी म्हणालो, नवी यादी टाईप करून देतो. त्या म्हणाल्या, नको. त्या नावापाशी आल्या की थांबायच्या, व्हरांड्याच्या टोकाला बघायच्या, जणू कुणी उशिरा येतंय. मग पुढचं नाव. एकदा एक नवी मुलगी पाकिटं खिडकीवर मांडताना ओठांवर हात धरून हसली. सिस्टर माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या तशाच वळल्या आणि मागच्या अंगणात गेल्या. मी बघायला गेलो तर हौदाच्या काठाला दोन्ही हातांनी धरून, आत बघत उभ्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या तिथं गेल्या होत्या. मी दंडाला धरून बाजूला आणलं.

झोप गेली होती त्यांची. आणि झोप गेली की फिटला वाट मिळते, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. आधी अकरा वर्षं त्यांना एकही फिट नव्हती; ती आता पुन्हा आली, फायलींच्या कपाटाशी. मी धावलो. घड्याळ त्यांचंच, त्यांच्या छातीवर, उलटं. मी ते वाचत बसलो. एक मिनिट दहा. डॉक्टरांनी डोस वाढवला. त्यानं त्यांचं बोलणं जड झालं, नावं आठवायला वेळ लागू लागला. अश्विनीचं सोडून.

त्या निवृत्त झाल्या, तरी नेवाशाला परत गेल्या नाहीत; खर्ड्यात खोली घेऊन राहिल्या. आणि मग एक दिवस मला कळलं की बैठकींना त्या एकट्या जात नाहीत. त्यांच्याबरोबर कौसाबाई जाते.

सिस्टर गेल्या त्याला आता वर्ष होईल. झोपेतच गेल्या. फिटनं की हृदयानं, कुणी सांगू शकलं नाही. मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याआधी काही महिने, खर्ड्याच्या एसटी थांब्यावर, भर दुपारी. मी काही कामानं गेलो होतो. दोघी झाडाच्या सावलीला बसल्या होत्या. सिस्टर वाळल्या होत्या, कपाळावर पडल्याची एक खूण होती. कौसाबाई बाटलीत पाणी भरून आणायला समोरच्या हॉटेलात गेली, आणि आम्ही दोघंच उरलो.

मी ठरवलं नव्हतं. पण बोलून गेलो. "सिस्टर, त्या शनिवारी तिचा फोन आला होता. मी घेतला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. जड बोलणं, पण शब्द नीट. "माहीत आहे. सोमवारी आल्या आल्या मोबाईल बघितला होता मी. अकरा वाजून सात मिनिटं."

"मग इतकी वर्षं विचारलं का नाही?"

"बाटली मी भरायला लावली होती, कडूभाऊ. त्यातलं थोडं तुमच्याकडं ढकललं असतं तर मला झोप लागली असती." त्या थांबल्या. "तसली झोप नको होती मला."

त्या म्हणाल्या, "काय विचारलं तिनं?"

"काय म्हणून घेऊ, असं विचारलं."

सिस्टरनी मान हलवली, हळू, दोन-तीनदा. मग डोळे मिटून घेतले.

कौसाबाई आली. मी विचारलं, कुठं निघालात? तिनं भूमजवळच्या एका गावाचं नाव सांगितलं. "पोरगी मास्तरीण हाय. गोळी चालू हाय. पोराची आई कडक हाय म्हनत्यात."

"जमेल का?" मी विचारलं.

"न जमंना," कौसाबाई म्हणाली. "सांगून येतो. शिस्टर औषधाचं सांगत्यात. मी म्हनते, मी सासू हाय, माझी सून मेली. बाया मग जरा ऐकत्यात."

एसटी आली. गर्दी होती. कौसाबाईनं आधी पायरीवर पाय रोवला, लोकांना कोपरानं मागं सारलं आणि सिस्टरना दंडाला धरून वर घेतलं. तिनं त्यांना खिडकीकडं बसवलं, आपण बाहेरच्या बाजूला बसली, आणि समोरच्या सीटच्या दांडीला हात लावून तो आडवा धरला, गाडीनं ब्रेक मारला किंवा काही झालं तर माणूस पुढं जाऊ नये म्हणून. गाडी हलली. सिस्टरचं डोकं त्या हातावर टेकलं होतं. धुळीत गाडी दिसेनाशी होईपर्यंत कौसाबाईनं हात काढला नव्हता.